तीन मतांचा संशयास्पद विजय

यौकोने तिसरी चिठ्ठी उलगडली, वाचली आणि लोकरीची टोपी उलटी करून झटकली. आत आणखी काही नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, मतदार तीनच होते.

"ड्रीम थिएटर," तो म्हणाला. "तिन्ही मतं."

"अभिनंदन," कालेवी म्हणाला.

"न्याय झाला," इस्मो म्हणाला आणि घाईघाईने तळ्याकडे बघू लागला.

जगातला सर्वश्रेष्ठ बँड कोणता, याचा निकाल हे तिघे दर ऑगस्टच्या अखेरच्या शनिवारी लावत. जागा ठरलेली : ताम्पेरेच्या उत्तरेला तळ्याकाठी कालेवीचं लाकडी घर. भट्टी तापेपर्यंत सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानघराच्या, ओसरीवर वाद, मग टोपीत चिठ्ठ्या. ट्रॅम चालवणारा इस्मो ब्लॅक सबाथला मत देई, कागद कारखान्यातला कालेवी आयर्न मेडनला आणि जमिनीची मोजणी करणारा यौको ड्रीम थिएटरला. शाळा सुटल्यापासून एखादा अपवादसुद्धा झाला नव्हता. दरवर्षी बरोबरी होई आणि त्यामुळे पुढचं वर्षभर भांडायला विषय उरे.

यौकोने एवढी वर्षं या विजयाची वाट पाहिली होती. आता तो मिळाला तर त्याच्या मनात आनंदाच्या आधी शंकेची पाल चुकचुकली.

"इस्मो, गेल्या वर्षी तू काय म्हणाला होतास? ड्रीम थिएटर म्हणजे पाच इंजिनिअर जिन्यावरून पडतात आणि पडता पडता पायऱ्यांची मापं घेतात."

"माणूस बदलतो."

"तू? तुझ्या दंडावर सबाथ गोंदलेलं आहे."

"दंडावर आहे. मनातलं कुणाला दिसतंय?"

यौको मोजणीतला माणूस. दोन टोकांवरून मापल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली. त्याने खडा टाकून पाहिला.

"म्हणजे सबाथचं संगीत जेवून सुस्तावलेल्या माणसानं वाजवल्यासारखं वाटतं, हे तुला मान्य?"

एरवी या वाक्याला इस्मोने त्याला कपड्यांसकट तळ्यात ढकललं असतं. आज तो एवढंच म्हणाला, "जरा... संथ आहे खरं."

"आणि कालेवी, तुझ्या मेडनची गाणी? सगळी घोड्यावर बसून लिहिलेली?"

"घोडा म्हातारा झालाय रे आता," कालेवी हळूच म्हणाला आणि भाजलेल्या सॉसेजांतलं सगळ्यात जाड सॉसेज त्याने यौकोच्या ताटलीत वाढलं. वर मोहरीसुद्धा स्वतःच लावली.

आता मात्र यौकोने ताटली बाजूला ठेवली. या लोकांत कौतुक करायची पद्धत नव्हती. त्याच्या लग्नात नवरीला, मार्युतला, पहिल्यांदा पाहून कालेवीने "ठीक आहे" एवढंच म्हटलं होतं आणि ते शब्द त्या दोघांनी इतकी वर्षं जपून ठेवले होते. माणसाबद्दल सलग दोन वाक्यं चांगली ऐकू येतात ती एकाच ठिकाणी. ती पाद्री बोलतो आणि ज्याच्याबद्दल बोलतो तो शवपेटीत असतो.

त्यात गेल्याच आठवड्यात यौकोने आरोग्य केंद्रात रक्त तपासायला दिलं होतं. निकाल यायचा होता. आणि कालेवीची बहीण त्याच केंद्राच्या प्रयोगशाळेत होती.

"कालेवी," तो शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "तुझी बहीण अजून केंद्रातच आहे ना?"

"आहे. का?"

"काही बोलली?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल. उदाहरणार्थ, रक्ताबद्दल."

"रक्ताबद्दल ती रोजच बोलते. म्हणून तर तिला कुणी जेवायला बोलावत नाही." कालेवीने इस्मोकडे पाहिलं. इस्मोने कालेवीकडे पाहिलं.

"हे बघा, माझ्यापासून काही लपवत असाल तर..."

"भट्टी तापली," इस्मो उठत म्हणाला. "चला आत."

यावर बोलणंच खुंटलं. सौनात वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, देवळात बसावं तसं बसायचं, हे त्यांना आयांनी बोलता येण्याआधीच शिकवलेलं. म्हणून ओसरीवर ज्याची बाजू पडती असे तो नेहमीच "चला आत" म्हणे. पण आज वाद नसताना इस्मोने सौनाचा आसरा घेतला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आत पुढचा धक्का बसला. सगळ्यात वरच्या बाकावरचा खिडकीजवळचा कोपरा कालेवीचा. एकदा खुद्द त्याच्या सासऱ्याला त्याने तिथून उठवलं होतं. आज त्याने तो कोपरा हाताने पुसला.

"बस इथे, यौको. तळं दिसतं."

तळं दिसलं. पाण्यावर एक बदक होतं. मरणाऱ्या माणसाला दाखवावं तसंच सगळं दिसत होतं. कालेवीने तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं, वाफ उसळली आणि यौकोने त्या वाफेत डोळे पुसून घेतले. सकाळी निघताना मार्युतने पिशवीत जादा स्वेटर भरला होता आणि म्हणाली होती, "खा पोटभर." म्हणजे तिलाही माहीत होतं. जगाला माहीत होतं. फक्त ज्याचं मरण त्याला कळवायचं राहिलं होतं.

तिघे पुन्हा ओसरीवर आले तेव्हा त्याचा निर्णय झाला होता. जायचं तर नीट जायचं.

"कालेवी, मे महिन्यात तुला मी एक रेकॉर्ड दिली होती."

कालेवीचा टॉवेल सुटता सुटता राहिला. "हो... दिली होतीस."

ती साधी रेकॉर्ड नव्हती. ड्रीम थिएटरची ती तबकडी यौकोने तरुणपणी स्टॉकहोमहून आणली होती, परतीच्या जहाजावर उपाशी राहून. मार्युतला तिच्यावरची धूळसुद्धा पुसायची परवानगी नव्हती. तिसऱ्या गाण्यात ताल नेमका किती वेळा बदलतो यावर मे महिन्यात जुंपली, तेव्हा घरी मोजून बघ म्हणून त्याने ती कालेवीला शपथेवर दिली होती.

"ती परत नको करूस," यौको म्हणाला. "तुझ्याकडेच राहू दे. कायमची."

कालेवी ढसाढसा रडायला लागला. स्वीडनशी हॉकीचा अंतिम सामना हरल्यानंतर त्याला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

"बस्स," यौको स्वतःशी म्हणाला. "दिवस फारसे उरलेले नाहीत."

आता चकित व्हायची पाळी इस्मोची होती. यौकोने ती रेकॉर्ड देऊन टाकली? शुद्धीत? तो फोन घेऊन लाकडांच्या खोपटामागे गेला, दबक्या आवाजात काहीतरी बोलला आणि परत येऊन त्याने फोन यौकोच्या हातात दिला.

"मार्युत आहे."

"इस्मो विचारतोय तू मरतोयस का म्हणून," मार्युत म्हणाली. "मरतोयस का?"

"तूच सांग. तुला सगळं माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की तुझा फोन इथे ओट्यावर राहिलाय. दुपारी नर्सनं निरोप ठेवला, काळजीचं काही नाही. कोलेस्टेरॉल जरा जास्त आहे, सॉसेज बंद. बाकी बैलासारखा आहेस."

"आणि तो स्वेटर? ते 'खा पोटभर'?"

"थंडी पडायला लागली म्हणून स्वेटर. आणि तपासणीचा निकाल काय लागणार हे तुझ्या पोटाकडे बघून मलाही कळतं. म्हटलं, शेवटचं खाऊन घेऊ दे."

यौकोने फोन परत दिला. तळ्यावरचं बदक अजून तिथेच होतं, पण आता ते नुसतं बदक होतं. त्याने दीर्घ श्वास घेतला. जगायचं होतं, सॉसेजशिवाय का होईना. मग मोजणीतल्या माणसाच्या डोक्यात उरलेला आकडा वर आला.

"मी मरत नाहीये."

"देवाची कृपा," इस्मो म्हणाला.

"मग मला तीन मतं का पडली?"

कालेवी उठला, खोपटात गेला आणि हातात एक काळं वाडगं घेऊन आला. वाडग्याच्या कडा फुलाच्या पाकळ्यांसारख्या वळल्या होत्या. तळाशी बरोबर मध्यभागी एक भोक होतं आणि भोवती कागदाचा गोल तुकडा चिकटलेला होता. आत पिवळी रानअळंबी होती.

"तुझी रेकॉर्ड होडीतून आणताना भिजली रे," कालेवी म्हणाला. "सौना कोमट होती, म्हटलं वरच्या बाकावर वाळत ठेवू. आणि यानं आत न बघता भट्टी पेटवली."

"आत बघायला काय, सौनात कुणी रेकॉर्ड ठेवतं?" इस्मो उसळला. "आणि मत द्यायची कल्पना तुझी होती. 'आधी खूश करू, मग सांगू.'"

यौकोने एक अळंबी उचलून बाजूला ठेवली. खाली बँडच्या नावाची शेवटची तीन अक्षरं दिसली.

"भोकामुळे पाणी मात्र छान निथळतं," कालेवी म्हणाला. हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलल्यावर कळलं.

यौको सावकाश उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "चला आत!" आणि पुढच्या क्षणी सौनाचं दार लागलं.

"बाहेर या," यौको म्हणाला.

"आत ये ना," आतून इस्मोचा नम्र आवाज आला. "शांतपणे बसू."

"तसं पाहिलं तर," कालेवी म्हणाला, "ती रेकॉर्ड आता माझी आहे. तूच दिलीस. कायमची म्हणालास."

"मरताना दिलेलं, माणूस जगला तर परत द्यावं लागतं! आणि ते मतदान रद्द. पुन्हा घ्यायचं, आत्ता. खरं बोला, सौनात आहात."

आत बाक करकरला.

"मेडन," आतून आवाज आला.

"सबाथ. आणि ते संथ नाही, भारदस्त आहे. तुझ्या त्या जिन्यावरून पडण्यापेक्षा बरं."

"ड्रीम थिएटर," यौको म्हणाला. बरोबरी झाली. त्याला दिवसभरात पहिल्यांदाच बरं वाटलं.

आत कुणीतरी पळीभर पाणी ओतलं, कुणीतरी विव्हळलं. यौकोने स्वेटर चढवला, खुर्ची ओढून दाराच्या अगदी समोर ठेवली आणि ओसरीवर राहिलेल्या इस्मोच्या फोनवर ड्रीम थिएटरचं सगळ्यात लांब गाणं लावलं. त्याला घाई नव्हती. नर्सच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्याकडे भरपूर वेळ होता.