खवल्यांचा अग्निबाण आणि गवेसाहेबांची शाल

एका जंगलात श्री. वज्रोजी खंडेराव खवले, वय एकसष्ट वर्षे पूर्ण, या नावाचे एक खवलेमांजर राहत असे. मुलांनो, भीती वाटली की खवलेमांजर आपल्या अंगाची गुंडाळी करून घेते. हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

खवले वारूळ-निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर ते जंगलातील हौशी अग्निबाण मंडळाचे सभासद झाले. बांबूच्या नळीत दारू ठासावयाची, वात लावावयाची आणि नळी आकाशात सोडावयाची, हे मंडळाचे कार्य. बाण सावरीच्या झाडावरून गेला तरच उड्डाण मान्य होई. सलग तीन वर्षे जो अपयशी ठरेल, त्याची रवानगी भजनी मंडळात होत असे.

खवल्यांची दोन वर्षे वाया गेली होती. पहिल्या वर्षी बाण जागचा हलला नाही. दुसऱ्या वर्षी तो आडवा गेला. आणि भजनी मंडळाची तर त्यांना धास्तीच होती, कारण टाळ वाजला की त्यांची गुंडाळी होई.

तिसऱ्या वर्षीचे उड्डाण-संमेलन शनिवारी व रविवारी भरले. शनिवारी सकाळी सात वाजता आकाश धुतलेल्या पाटीसारखे स्वच्छ होते.

"टिटवीबाई, वात पेटवू का?" खवल्यांनी मंडळाच्या चिटणीसबाईंना विचारले.

"अहो खवले, काहीतरीच काय! प्रमुख पाहुणे यायचेत. उद्घाटन नाही, तर उड्डाण नाही."

"पण आकाश आत्ता मोकळे आहे."

"आकाशाला आपण निमंत्रण दिलेले नाही. पाहुण्यांना दिले आहे."

खवले नियमाचे पक्के. ते बाण मांडीवर घेऊन बसले.

प्रमुख पाहुणे म्हणजे गवेसाहेब, चांगले धिप्पाड रानगवे. ते वाटेत चरत चरत अकरा वाजता आले. मग स्वागतगीत झाले, परिचय झाला, शाल आणि नारळ झाला. गवेसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मी आपला फार वेळ घेणार नाही."

दोन वाजता ते आपल्या बालपणापर्यंत पोहोचले. तेवढ्यात आभाळ भरून आले आणि मुसळधार पाऊस कोसळला. संमेलन तहकूब झाले.

रविवारी सकाळी पुन्हा उघडीप होती. परंतु उद्घाटन अपुरे राहिले होते, आणि अपुरे उद्घाटन मंडळाच्या घटनेप्रमाणे पहिल्यापासून करावे लागे. पुन्हा स्वागतगीत. पुन्हा तीच शाल, आता ओली. गवेसाहेब म्हणाले, "मी आपला फार वेळ घेणार नाही," आणि पुन्हा जन्मापासून निघाले.

बाराला पाऊस परतला. या वेळी मात्र टिटवीबाईंनी सर्वांना मंडपातच दाटीवाटीने बसविले. मंडप गळू लागला. खवल्यांच्या बाणाची वात भिजली. ती वाळवायला ते बाण घेऊन हळूच उठून व्यासपीठाच्या मागच्या बाजूला, अस्वलभाऊंच्या चहाच्या चुलीपाशी गेले.

"काय खवलेअण्णा, बाण शेकताय की भाजताय?" अस्वलभाऊंनी विचारले.

"थट्टा नको, अस्वलभाऊ. आज हा उडाला नाही, तर उद्यापासून माझ्या हाती टाळ."

"मग द्या की पेटवून आत्ताच!"

"उद्घाटन व्हायचे आहे," खवले गंभीरपणे म्हणाले.

इतक्यात गवेसाहेब म्हणाले, "आणि शेवटी." ते हे सातव्यांदा म्हणत होते. तरी श्रोत्यांनी मोठ्या आशेने टाळ्या वाजविल्या. शिष्टाचार म्हणून खवल्यांनीही वाजविल्या. मुलांनो, टाळी दोन्ही हातांनी वाजते. बाण निसटला आणि चुलीत पडला.

सर्रकन् आवाज झाला. खवल्यांची गुंडाळी झाली. परंतु घाईत एक डोळा बाहेर राहिला. त्या डोळ्याने त्यांनी पाहिले. बाण व्यासपीठाखालून गेला, गवेसाहेबांची शाल घेऊन वर उठला, मंडपाचे छत फाडून पावसात शिरला आणि सावरीवरून चांगला हातभर उंच गेला.

छताच्या भोकातून गवेसाहेबांच्या डोक्यावर पाण्याची धार लागली.

"उद्घाटन अपुरे होते!" टिटवीबाई किंचाळल्या. "हे उड्डाण नाही, हा अपघात आहे! खवले, उद्यापासून भजनी मंडळ!"

बाहेर राहिलेला डोळाही गुंडाळीत गेला.

गवेसाहेब मात्र मान वर करून पाहत राहिले होते. सावरीच्या शेंड्यावर त्यांची शाल फडकत होती.

"थांबा, बाई," ते गहिवरून म्हणाले. "आजवर मला तीनशे शाली मिळाल्या. त्या सगळ्या पेटीत पडून आहेत. इतक्या उंचीवर माझा सत्कार कुणी केला नव्हता. कुणाची ही कल्पना?"

टिटवीबाईंनी क्षणभर विचार केला. "मंडळाचीच, साहेब," त्या म्हणाल्या.

गुंडाळीतून बारीक आवाज आला, "बाण माझा होता."

उड्डाण एकमताने मान्य झाले.

त्यानंतर अग्निबाण मंडळाचे बाण मंडपातूनच, पाहुण्यांच्या शालीसह, आणि केवळ पावसात सोडले जाऊ लागले. खवले भजनी मंडळात गेले नाहीत. पुढील वर्षी त्यांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलाविण्यात आले, आणि ते साडेतीन तास बोलले.

तात्पर्य : मुलांनो, स्वच्छ आकाशात बाण कुणीही उडवील. मंडळाची भरभराट व्हावयाची असेल, तर पाऊस येईपर्यंत भाषण लांबविणारा पाहुणा शोधावा, आणि चूल व्यासपीठाच्या जवळ मांडावी.