नामदेव मेस्त्रींचं जहाज

नेकनूरच्या नामदेव मेस्त्रींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण बैलगाडीचं चाक दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ते हातातला लाकूड तासायचा वाकस थांबवून विचारत, "हेक्ला ठावं हाय का?"

बाभळीची एखादी जात असावी, असं वाटून तो माणूस मान हलवायचा.

"जहाज हाय. इंग्रजाच्या आरमाराचं, लई जुनं. दहा महिने बर्फात अडकलं, पर फळी हलली न्हाई. आन् तुझं चाक वढ्यात निखळतंय."

या जहाजाला गावात आणायला थोडा मीही जबाबदार आहे. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. मेस्त्री बीडला भंगारवाल्याकडं खिळे घ्यायला गेले आणि पुठ्ठा नसलेलं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. आत जहाज उभं चिरल्यासारखं चित्र होतं. एकेक तुळई, एकेक सांधा दिसत होता. "मास्तर, चित्र मला कळतंय. अक्षरं तेवढी तुमी बघा," म्हणाले. तेव्हापासून शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात लाकडाच्या भुशात बसून वाचायचो.

हेक्ला मुळात उत्तरेत जाण्यासाठी बांधलेलीच नव्हती. ती उखळी तोफांची बोट. तोफ उडाली की तिचा धक्का सोसावा म्हणून लाकूड दणकट घातलेलं. लढाया सरल्यावर आरमाराला वाटलं, एवढी मजबूत आहे तर बर्फातही टिकेल. मग बाहेरून आणखी फळ्या मारल्या, नाकाडावर लोखंडी पत्रा ठोकला. हेक्ला हे एका ज्वालामुखीचं नाव, हे कळल्यावर मेस्त्री बराच वेळ हसले. "जायचं बर्फात आन् नाव आगीच्या डोंगराचं."

त्यांच्या शंकांना मात्र पुस्तक पुरत नसे. कप्तानाचं नाव पानोपानी होतं, पण सुताराचं कुठंच नव्हतं. हे त्यांना फार लागलं. खलाशांनी करवतींनी बर्फ कापून जहाजाला आत जायला वाट केली, तिथं तर त्यांनी मला अडवलंच. "दात केवढे होते करवतीचे?" पुस्तकात नाही म्हटल्यावर, "मग लिवणाऱ्यानं काय बघितलं?"

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जायला गाव दसऱ्यापासूनच गाड्या नीट करून घेत होतं. मेस्त्रींना मान वर करायला फुरसत नव्हती, तरी वाचन चुकलं नाही. आता जहाजावर हिवाळा आला होता. तीन महिने सूर्य नाही. डेकवर जाड कापडाचं छप्पर घातलं, बाहेरून जहाजाला बर्फाचीच भिंत लावली, म्हणजे आत ऊब राहते. हा भाग त्यांनी तीनदा वाचून घेतला.

"समदे परत आले का?" त्यांनी विचारलं.

मी पुढची पानं चाळली. "सगळे आले. एकच आजारी पडून गेला."

"त्यो एक कशापायी सोडला?"

पुस्तक मिटून त्यांनी फळीवर ठेवलं आणि आठवडाभर मला बोलावलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांची एकुलती एक लेक रुक्मिण आणि जावई बाबू गाडी घेऊन आले. दोघं ऊसतोडीला निघाले होते. रुक्मिणीला सहावा महिना होता. मेस्त्रींनी चार दिवस गाडी सोडली नाही. दोन्ही बाजूंना दुहेरी फळ्या मारल्या, पुढं पत्रा ठोकला. पाचव्या दिवशी बाबूनं बैल जुंपले. बैल दोन पावलं चालले आणि उभे राहिले.

"मामा, ऊस कुठं ठिवायचा हिच्यात? रिकामीच हलंना," बाबू म्हणाला.

बघायला जमलेले आम्ही सगळे हसलो. मेस्त्रींनी हातोडा उचलला. एकेक फळी उचकटून त्यांनी भिंतीला लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी माणसं, बैल, गाड्या भरून ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघायला उभा राहिला, तेव्हा त्या सगळ्या फळ्या ट्रकात होत्या आणि फळ्यांवर मेस्त्री बसले होते. दुकानाला कुलूप होतं.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"ह्यांची ऱ्हायाची कोपी नीट बांधून देतो. लगीच येतो."

ट्रक गेल्यावर शेजारच्या शेवंताबाईंनी मला सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मेस्त्री बायकोला घेऊन ऊसतोडीला गेले होते. उसाच्या पाल्याची कोपी, पौषातली थंडी, बायकोला ताप भरला. ते परतले तेव्हा कडेवर फक्त रुक्मिण होती.

ते लगेच आले नाहीत. चैत्र लागल्यावर सगळे बरोबरच आले. रुक्मिणीच्या मांडीवर मुलगी होती, डोळ्यांत काजळ, अंगानं चांगली गुटगुटीत. मी भेटायला गेलो. मेस्त्री अंगणात पाळण्याचे पाय तासत होते.

"थंडी होती का गं फार?" मी रुक्मिणीला विचारलं.

"लई. पर आबांनी कोपीला तिन्ही बाजूंनी फळ्या मारल्या, भायेरून मातीचा बांध घातला. दाराला तेवढी फळी पुरली न्हाई."

"मग?"

तिनं आवाज खाली आणला. "पहाटं गारठा वाढला की आबा दारात येऊन बसायचे. भायेर त्वांड करून न्हाई, आत त्वांड करून. पाठ भायेर. मी म्हनायची, आबा, निजा. तर म्हनायचे, मला आतलंच दिसू दे, भायेरचा गारठा मी येकदा बघितलाय."