मुंग्यांनी पसंत केलेला पट्टा

आमच्या ह्यांच्या कंबरेसाठी पट्टा करायचा असं मी ठरवलं, तेव्हा घरातल्या कोणीही मला अडवलं नाही. (अडवलं असतं तर दोन केले असते.)

त्याचं असं झालं. माझी सून रसवाल्याकडून सफरचंदाचा उरलेला चोथा आणते, वाटते, त्यात कसलंकसलं कालवते आणि कापडावर थापून पंख्याखाली वाळवते. वाळलं की हुबेहूब चामडं! त्याच्या ती पर्सा शिवते. कुठल्या जनावराच्या केसालाही धक्का नाही. पण दोन दुकानदारांनी "बघू, कळवू" म्हणून तिची बोळवण केली होती. आता तिसऱ्या दुकानाच्या मालकीणबाई स्वतः घरी माल पाहायला येणार होत्या. सून आठवडाभर आमटीत मीठ विसरत होती, यावरून काय ते समजा.

मी म्हटलं, "पर्स टेबलावर नुसती बसते गं. चालताबोलता नमुना हवा. तुझ्या सासऱ्यांना पट्टा करते."

"करा ना, आई. पण मऊपणासाठी ग्लिसरीनच घाला हं. प्रमाण भिंतीवर चिकटवलंय."

प्रमाण! अहो, मी वाचायला शिकले दुकानांच्या पाट्यांवरून आणि शिवायला शिकले उसवलेल्या कपड्यांवरून. मला कोणी प्रमाण दिलं नाही, मी कोणाकडे मागितलं नाही. शिवाय ग्लिसरीनला दवाखान्याचा वास येतो. मऊपणाच हवा ना? मग साखरेच्या घट्ट पाकाने काय घोडं मारलंय? घातला. सढळ हाताने घातला. पट्टा असा चकचकीत झाला की ह्यांनी त्यात बघून भांग पाडला. (केस नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

मालकीणबाई आल्या. मी ह्यांना शर्ट खोचून, पट्टा घालून खिडकीला टेकवून उभं केलं होतं. मी खोकले की सावकाश गोल फिरायचं, असं बजावलंही होतं.

"काम सुबक आहे हो," बाई पर्स चाचपत म्हणाल्या. "पण फळाचं म्हणता. गिऱ्हाईक पहिलं हेच विचारणार, याला मुंग्या नाही लागत?"

"अजिबात नाही," सून म्हणाली.

मी खोकले. हे फिरले नाहीत, उडाले.

"अगं!"

"नीट उभे राहा."

"अगं, चावतंय!"

"नवी वस्तू आहे. सुरुवातीला चावायचीच."

"पट्टा नाही गं, पट्ट्यावरच्या चावतायत!"

पाहते तर खिडकीच्या फटीतून थेट ह्यांच्या कंबरेपर्यंत मुंग्यांची शिस्तशीर रांग. ह्यांनी पट्टा ओरबाडून टेबलावर भिरकावला आणि दोन्ही हातांनी पँट सावरत आत धूम ठोकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस पळू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

सून पांढरीफटक पडली. माझीसुद्धा वाचा बसली. (शेजारी अजून विश्वास ठेवत नाहीत.) बाई मात्र टेबलावर वाकून बघत होत्या. पट्ट्यावर नुसती झुंबड! शेजारीच पर्स पडलेली, पण तिच्यावर एक मुंगी चढेल तर शपथ. एक आगाऊ बंदापर्यंत गेली, हुंगलं आणि नाक मुरडून परत आली.

"यात काय घातलंय?" बाईंनी पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"पाक," मी म्हटलं.

"आणि यात?"

"ग्लिसरीन," सून पुटपुटली. "प्रमाणात."

बाई हसता हसता खुर्चीवरून घसरायच्या बाकी राहिल्या. "झाली की परीक्षा! आहेत तेवढ्या सगळ्या पर्सा पाठवून द्या."

सुनेने मला असं कवटाळलं की माझा चष्मा वाकडा झाला. आहेच मुळी श्रेय माझं! तो पट्टाही तिने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर खिळ्याला टांगलाय. मला वाटलं, कौतुकाने.

परवा त्याच बाईंचा फोन आला. "आजी, तुमच्या हातचा एक पट्टा मलाही हवाय."

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कंबरेचं माप काय?"

"कंबर कसली, आजी! खिडकीबाहेर टांगायचाय. सूनबाई सांगत होत्या, तो पट्टा टांगल्यापासून तुमच्या साखरेच्या डब्यात एक मुंगी फिरकली नाही. बक्कल नाही लावलं तरी चालेल."