निष्कलंक वादी पाहिजे

मॅग्नोलिया कोर्ट या नव्या इमारतीत काळ्या माणसाला घर भाड्याने मिळत नाही, ही गोष्ट आमच्या टॅलो क्रीक गावात सर्वांना ठाऊक होती. असा भेदभाव कायद्याने बंद होऊन वर्ष उलटलं होतं, हेही सर्वांना ठाऊक होतं. राहिलं होतं एवढंच, की या दोन गोष्टींची न्यायालयात एकदा समोरासमोर गाठ घालून द्यायची. त्यासाठी माउंट पिल्ग्रिम बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात नागरी हक्क दावा समिती स्थापन झाली आणि सचिव म्हणून माझी, म्हणजे ल्यूशस टॉलिव्हर याची, बिनविरोध निवड झाली. मी धंद्याने न्हावी. आमच्या केसांत गोऱ्याची कात्री चालत नाही, त्यामुळे मला कामावरून काढणारा माणूस अलाबामात अजून जन्माला यायचाय. समितीवर अशीच माणसं लागतात.

अध्यक्ष अर्थातच पास्टर सायलस मोब्ली. उपाध्यक्ष मिस्टर अँब्रोज फील्डर. गावातल्या काळ्या मयतांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असते, आणि तो धंदा हिसकावून घ्यायला आजवर एकही गोरा पुढे आलेला नाही. सभासद मिसेस ऑक्टेव्हिया रँडल, निवृत्त शिक्षिका. त्यांच्यासमोर बोलताना अजूनही माझी पाठ आपोआप ताठ होते.

दाव्याला मुळात नाकारलेला माणूस लागतो. तो तयार होता. क्लिओथा बॅस्किन लाँड्रीत इस्त्री करते. तिचं छप्पर गळतं. पलंगाच्या दोन्ही टोकांना बादल्या आणि मधल्या कोरड्या भागात तीन मुलं, अशी झोपायची व्यवस्था. धाकटीची छाती कायम भरलेली. (ते घर मिस्टर फील्डर यांच्या मालकीचं असल्यामुळे छपराची चर्चा समितीत करणं प्रशस्त दिसलं नसतं.) तर क्लिओथा मॅग्नोलिया कोर्टात गेली तेव्हा खिडकीत ‘घर भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती. मॅनेजर क्रॅबट्री म्हणाले, “आत्ताच गेलं.”

“मग ही पाटी कशाला लावलीय?”

“पाटी भाड्याने द्यायची नाही,” क्रॅबट्री म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

याहून उघड पुरावा तो काय! आम्ही बर्मिंगहॅमहून वकील बोलावला. थॅडियस बून, वय लहान, चष्मा मोठा. तो म्हणाला, “पुरावा झकास आहे. पण आधी वादी बघू. समोरचे वकील तिच्या सात पिढ्या उकरतील. एक डाग सापडला, की खटला इमारतीवर राहत नाही, बाईवर येतो. वादी कसा हवा, धुतल्या तांदळासारखा.”

समितीने क्लिओथाची रीतसर तपासणी केली.

“नवरा?” पास्टरांनी विचारलं.

“शिकागोला गेला.”

“कामाला?”

“जाताना तसंच म्हणाला.”

“मग परत कधी येणार?”

“ते तुम्हीच सांगा, पास्टर. त्याच्यासाठी दर रविवारी देवाशी बोलणं तुमचं होतं. माझ्याशी कुठे कोणी बोलतंय?” असं म्हणून क्लिओथा हसली. तिचं हसणं म्हणजे काय, पार तिकडे पोस्टात तिकिटं चिकटवणारा माणूस मान वर करतो.

मिसेस रँडल यांनी डोळे मिटून घेतले. “न्यायालयात साक्षीचा शब्द न् शब्द लिहून घेतात,” त्या म्हणाल्या. “हे हसणं ते लिहिणार कसं?”

पुढे आणखीही बाबी निघाल्या. ती रविवारी चर्चला पिवळे बूट घालते. वाट अडवणाऱ्या एका पोलिसाला तिने त्याच्या आईची खुशाली विचारली होती, आणि ती काळजीपोटी विचारली नव्हती. समितीने एकमताने निर्णय दिला: वादी म्हणून अपात्र, सहानुभूतीस पात्र.

“थांबा जरा,” क्लिओथा म्हणाली. “नाकारलं मला. पण नाकारलेली बाई म्हणून मी चालत नाही?”

“तसं नाही गं,” मी समजूत घातली. “प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. तत्त्वाचा आहे.”

“तत्त्व राहतं कुठे, ब्रदर टॉलिव्हर? तिथं गळत नसेल तर माझी पोरं आठ दिवस तिकडे ठेवते.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सचिवाला वाईट वाटून चालत नाही.

निष्कलंक माणूस शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण तो माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. मिस्टर फील्डर यांचं नाव निघताच पास्टर म्हणाले, “वा! यांच्याविरुद्ध गावात कोणी ब्र काढणार नाही. शेवटी सगळ्यांना यांच्याच गाडीतून जायचंय.” मिस्टर फील्डर यांना स्वतःचं सहा खोल्यांचं घर होतं, त्यांना भाड्याचं घर नको होतं, पण तत्त्वासाठी अपमान करून घ्यायला ते तयार झाले. तळघरात आम्ही चांगली तालीम केली. मी क्रॅबट्री झालो आणि त्यांच्या तोंडावर इतक्या वेळा दार आपटलं की बिजागरी निखळली.

ठरल्या दिवशी ते काळा सूट घालून, ती लांबलचक काळी गाडी घेऊन गेले. तासाभराने परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

“काय झालं? फार वाईट बोलला का?” मी आशेने विचारलं.

त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“अहो, घेतलीत कशाला?”

“तो मला मिस्टर म्हणाला हो,” मिस्टर फील्डर म्हणाले. “या राज्यात आजवर कुठल्या गोऱ्याने मला मिस्टर म्हटलं नव्हतं. अँब्रोज म्हणाले, अरे म्हणाले, काहीच न म्हणता नुसती शिट्टीही वाजवली. हा म्हणतो, ‘बसा, मिस्टर फील्डर.’ बसलो. ‘सही करता का, मिस्टर फील्डर?’ केली.”

मिसेस रँडल यांनी रुमाल काढला.

मागाहून कळलं, की मॅग्नोलिया कोर्टाच्या मालकांचाही एक वकील होता आणि तोही मूर्ख नव्हता. त्याने क्रॅबट्रींना बजावून ठेवलं होतं: इस्त्रीचे कपडे घातलेला, नीट बोलणारा काळा माणूस आला, तर समजा की मागे खटला आहे. त्याला लगेच किल्ली द्या. बाकीच्यांना काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

बून म्हणाला, “घर मिळालेल्याला दावा करता येत नाही. दुसरा माणूस पाठवा.” आम्ही मिसेस रँडल यांना पाठवलं. त्यांना बागेकडची बाजू मिळाली. पास्टर गेले, त्यांना पहिल्या महिन्याचं भाडं माफ झालं आणि वर गालिचा मिळाला. मग समितीने धोरणात सुधारणा केली: वादीवर न्यायालयाला दिसेल असा डाग नसावा, पण मॅनेजरला दिसेल असा असावा. त्यानुसार चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख टायची गाठ सैल करून गेले आणि मुद्दाम मोठ्याने बोलले. क्रॅबट्री म्हणाले, “आवाज भरदार आहे हो आपला! काळजी नको, आमच्या भिंती जाड आहेत.” त्यांना कोपऱ्यावरचं घर मिळालं.

दर वेळी, आपलं माणूस किल्ली घेऊन बाहेर आलं, की क्लिओथा आत जायची. दर वेळी घर आत्ताच गेलेलं असायचं. एकदा तिने मला रस्त्यात गाठलं.

“ब्रदर, तुम्हाला नकार हवाय ना? माझ्याकडे ढीग पडलाय नकारांचा. घ्या की त्यातला एखादा.”

“नकार दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, क्लिओथा.”

“असं? आणि घरं बरी भराभर नावावर होतायत!”

अखेर तत्त्वाखातर मीही अर्ज केला आणि मलाही घर मिळालं. माझी मंडळी राहायला जाऊया म्हणाली. आता किल्ली हातात असताना न राहणं म्हणजे ज्या हक्कासाठी लढलो त्याचाच अपमान. त्या घरात गरम पाण्याचा नळ सोडला की गरम पाणी येतं! भेदभाव किती खोलवर मुरलेला होता, हे मला त्या नळाखाली हात धरल्यावर कळलं. दुसरीकडे इमारतीतली गोरी बिऱ्हाडं एकेक करून गेली. कोणाच्या आजीला हवा मानवेना, कोणाच्या कुत्र्याला. वर्षाच्या आत मॅग्नोलिया कोर्टात अकरा घरं आमची आणि एक रिकामं, अशी समता नांदू लागली.

मालकांच्या कचेरीत काळा माणूस नोकरीला नाही, याबद्दल आमचा दुसरा दावा तयार होता. मालकांनी मला दुपारपुरता सहायक मॅनेजर नेमलं आणि तो दावाही सुंठीवाचून खोकला जावा तसा गेला. दारावर माझ्या नावाची पितळी पाटी आहे. येता-जाता बघा.

त्या एका रिकाम्या घरासाठी क्लिओथाने पुन्हा अर्ज केला. क्रॅबट्रींनी हात झटकले. “आमची कंपनी भेदभाव करत नाही, टॉलिव्हर,” ते म्हणाले. “आता इमारत तुमच्या लोकांची आहे. शेजारी कोण हवं ते तुम्हीच ठरवा. मतदान घ्या.”

मतदान! हा शब्द ऐकला की आमच्या माणसाचा ऊर भरून येतो. त्या एका हक्कासाठी आमच्या लोकांनी काठ्या खाल्ल्या, पोलिसांचे कुत्रे अंगावर घेतले, तुरुंगाच्या फरशीवर झोपले. पास्टर म्हणाले, “हात वर करून मत देणं हा त्या बलिदानाचा अपमान होईल. मतदान गुप्तच हवं.” मिसेस रँडल यांनी टोपीच्या खोक्याला भोक पाडून मतपेटी केली. दर घराला एक मत.

सभेला क्लिओथा पोरांना घेऊन आली. पिवळे बूट घातले नव्हते, कोणाचेतरी तपकिरी मागून आणले होते. चालताना टाच निघत होती. धाकटी सारखी खोकत होती.

“मला भाषण करता येत नाही,” ती म्हणाली. “भाडं वेळेवर देईन. हसणं कमी करीन. जमेल तेवढं. पोरीला कोरडी जागा पाहिजे, बाकी काही नाही.”

मग एकेकाने उठून तिला पाठिंबा दिला. पास्टर म्हणाले, ही आपली भगिनी आहे. मिस्टर फील्डर म्हणाले, तिच्या सध्याच्या घराची अवस्था त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. मिसेस रँडल म्हणाल्या, मुलांना वळण लावता येईल. मी तर बोलता बोलता गहिवरलो. टाळ्या झाल्या, प्रार्थना झाली, मतदान झालं. मग मक्याचा पाव आणि कोंबडी खाऊन पास्टरांनी मतं मोजली.

बाजूने एक. विरोधात दहा.

कोणी कोणाकडे बघेना. क्लिओथाने धाकटीला उचललं, बाकीच्या दोघांना पुढे घातलं आणि ती गेली. जाताना हसली नाही. तेवढं मात्र मला नको होतं.

ते एक मत कोणाचं, हे गुपित फार दिवस टिकलं नाही. सोमवारी पास्टर माझ्या दुकानात दाढीला बसले आणि फेसातून पुटपुटले, “कोणाला सांगू नकोस, ते मत माझं होतं.” मंगळवारी मिस्टर फील्डर यांनी मान पुढे करून हेच सांगितलं. मिसेस रँडल यांनी जिन्यात गाठून सांगितलं. कोपऱ्यावरच्या गायकांनी शपथेवर सांगितलं. आठवडा संपता संपता सगळी इमारत मला गुपचूप सांगून गेली. मी हूं म्हणून ऐकत राहिलो. खरं सांगून त्यांना कशाला दुखवायचं? ते मत माझं होतं.

पुढच्या शनिवारी क्लिओथा दुकानात आली. पायात पिवळे बूट होते. तिच्याबरोबर बून होता आणि त्याच्या हातात आमच्या अकरा जणांच्या नावाचे समन्स होते. क्रॅबट्रींचं नाव सगळ्यात शेवटी.

“अहो बून!” मी ओरडलो. “नागरी हक्क समितीवर नागरी हक्कांचा दावा? आणि वादी कोण, तर ही? धुतले तांदूळ कुठे गेले तुमचे?”

“प्रतिवादी इतके स्वच्छ असल्यावर वादी कसाही चालतो,” बून चष्मा पुसत म्हणाला.

क्लिओथाने खुर्चीवर बसून एक गिरकी घेतली. “ब्रदर, मला पडलं एक मत. आणि ते आपलं होतं म्हणून आतापर्यंत नऊ जण घरी येऊन सांगून गेले. पाई घेऊन आले हो! रताळ्याची पाई, नऊ घरची. पोरं खाऊन खाऊन कंटाळली. छप्पर तेवढं कोणी आणलं नाही.” मग आरशातून माझ्याकडे बघत तिने विचारलं, “तुम्ही नाही आलात?”

“मी कशाला येऊ? मी खरोखरच तुला मत दिलं होतं.”

यावर ती जी हसली, ती पोस्टापर्यंत नक्की गेली असणार.

आता खटला उभा राहील आणि जो तो शपथेवर सांगेल. मला त्याची काही भीती नाही. आणि तुम्ही, मघापासून तिच्या बाजूने माना डोलावताय, तुम्हीही त्या सभेत असतात तर मत तिलाच दिलं असतंत, हे तुमच्या चेहऱ्यावरूनच दिसतंय. तेव्हा हिशेब सोपा आहे. तुम्हाला धरून मतदार बारा. बाजूने एक, विरोधात अकरा.