चिरविश्रांतीचा पहिला ग्राहक

कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात शेठाणीने आत्याला सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी या वेळेपर्यंत आपल्या वेलनेस सेंटरच्या सात शाखा असतील आणि आठवीच्या उद्घाटनाला आत्याच येईल. तोवर एकही शाखा निघाली नव्हती, पण तिच्या मते ही बारीकसारीक अडचण होती. तिचं खरं नाव घरात कुणी घेईनासं झालं होतं. उद्योजकतेचा विषय घेतल्यापासून ती झोपेतही ‘ग्राहक, ग्राहक’ पुटपुटायची, म्हणून आत्याच्या मुलाने, म्हणजे दादाने, तिला शेठाणी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव तिला मनापासून आवडलं. टोमणा कळायला आधी स्वतःबद्दल थोडी शंका लागते. ती तिच्याकडे नव्हती.

उद्योजकतेच्या सरांनी वर्गाला दोन मंत्र दिले होते. लोकांचं दुखणं शोधा, धंदा तिथेच असतो. आणि ग्राहकाला कधी ‘नाही’ म्हणू नका. आधी ‘हो’ म्हणा, धावाधाव मागून करा. दुखणं शोधायला शेठाणीला घराबाहेरही जावं लागलं नाही. आत्याचे गुडघे, दादाची मान, समोरच्या बाईंची कंबर. सगळं जग थकून गेलंय आणि आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलंय, याबद्दल तिची खात्री पटली.

जागाही घरातच होती. आत्याच्या घराखाली रस्त्यावर उघडणारी एक खोली होती. तिथे पूर्वी शिंप्याचं दुकान होतं. शिंपी गेला, पण कापड कापायचं लांबलचक टेबल दारातून निघेना म्हणून ते तिथेच राहिलं. कडेला इंचांच्या खुणा असलेल्या त्या टेबलावर शेठाणीने गादी घातली, वर पांढरीशुभ्र चादर अंथरली, पाय शेकायला टब आणला, डोक्याला लावायला तेल आणलं आणि सेंटर तयार झालं.

आत्या मात्र व्यवहाराला पक्की. शेजारचा इन्व्हर्टरवाला बॅटऱ्या ठेवायला ती खोली मागत होता.

"महिनाअखेरपर्यंत खोली तुझी," आत्या म्हणाली. "तेवढ्यात एक माणूस दाखव. घरचा नको, मैत्रीण नको. आपल्या पायांनी आत यायला हवा आणि परत येईन म्हणायला हवा. नाहीतर बॅटऱ्या."

"एकच? आत्या, तू मला फार कमी लेखतेस."

महिना संपत आला. आत्तापर्यंत आत आलेले दोघे जण म्हणजे एक पत्ता विचारणारा आणि शिंप्याकडे पँट टाकून विसरलेला एक. शेठाणी डगमगली नाही. चूक सेवेत नाही, नावात आहे, असं तिने ठरवलं. दारावरच्या फळ्यावर नुसतंच ‘वेलनेस सेंटर’ लिहिलं होतं. आपल्या भाषेतलं भारदस्त नाव हवं. लोकांना काय हवंय? विश्रांती. कशी? घटकाभराची नव्हे, टिकणारी. चिरतरुण, चिरंजीव, चिरकाल. ‘चिर’ लावलं की कुठलाही शब्द कसा उंच होतो! तिने रंगाऱ्याला कागदावर लिहून दिलं: चिरविश्रांती. खाली: एकदा या, परत जावंसं वाटणार नाही. आणि त्याखाली स्वतःचा फोन नंबर.

रंगाऱ्याने कागद जवळ धरून वाचला, मग लांब धरून वाचला.

"ताई, नक्की हेच?"

"का, शुद्धलेखन चुकलंय?"

"शुद्धलेखन बरोबर आहे. दुकानावर पहिल्यांदाच रंगवतोय, म्हणून विचारलं."

पहिल्यांदाच म्हणजे आपल्याआधी कुणाला सुचलं नाही, हे ऐकून शेठाणी खूश झाली. गुडघ्यांमुळे आत्या आठवडाभर जिना उतरली नव्हती, आणि दादाला फळ्याकडे मान वर करून बघणं डॉक्टरांनी मना केलं होतं. त्यामुळे घरातल्या कुणी ते नाव वाचलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"हॅलो, चिरविश्रांती म्हणजे तुम्हीच ना?" एका पुरुषाचा दबका आवाज.

"आम्हीच. बोला, काय सेवा करू?"

"आमचे काका आहेत. वय झालंय खूप. आता आज ना उद्या... म्हणजे आधीच चौकशी केलेली बरी."

"अगदी शहाणपणाचं केलंत. लोक आमच्याकडे फार उशिरा येतात."

"लवकर कोण येणार हो?"

"हीच मानसिकता बदलायची आहे आम्हाला," शेठाणी म्हणाली.

"बरं, सगळं तुम्हीच करता ना? ऐनवेळी आमची पळापळ नको."

"सगळं आमच्याकडे. तुम्ही फक्त माणूस आणा."

"अंघोळ वगैरे?"

अंघोळ योजनेत नव्हती. पण मंत्र म्हणजे मंत्र. "हो, कोमट पाण्याने."

"कोमट!" माणसाचा आवाज भरून आला. "एवढा विचार कोण करतं आजकाल. आणि गाडी?"

"आहे."

"उचलायला माणसं? चार तरी लागतील."

काका भलतेच अशक्त असावेत, असं शेठाणीला वाटलं. "चार आहेत."

"काकांचा स्वभाव तिखट आहे हो. एकाही दुकानदाराशी त्यांचं कधी पटलं नाही."

"इथे एकदा माणूस आडवा झाला की त्याच्या सगळ्या तक्रारी संपतात. आजवर एकही आलेली नाही."

"हे मात्र खरं," तो माणूस विचार करून म्हणाला. "शनिवारी चार वाजता येतो. व्यवस्था डोळ्यांनी पाहिली की जीव निर्धास्त होईल."

शनिवार हा महिन्याचा शेवटचा दिवस होता. शेठाणीने कंबर कसली. दादाच्या मित्राचा पांढरा टेम्पो आणवला आणि त्यात गादी घातली. दादा आणि त्याचे तीन मित्र मिळून चार माणसं झाली. त्यांना तिने पांढरे शर्ट घालायला लावले.

"ग्राहक आला की आवाज करायचा नाही," तिने बजावलं. "हात जोडून, माना खाली घालून उभं राहायचं. वातावरण शांत हवं."

"माझी मान खालीच आहे," दादा म्हणाला.

शनिवारी चार वाजायला थोडा वेळ होता, तेव्हा एक म्हातारा काठी आपटत आला. त्याने फळा वाचला, टेम्पोत डोकावून पाहिलं, चौघांकडे एकदा निरखून पाहिलं आणि सरळ आत शिरला.

"पुतण्या तुझ्याशीच बोलला का?" त्याने विचारलं. "पलीकडच्या खोलीत बसून कुजबुजतो गाढव. मला काय ऐकू येत नाही? म्हटलं, आपलं आपणच बघून घ्यावं. तो काहीही गळ्यात मारून घेईल."

"या ना, आजोबा. तुमचीच वाट बघतोय आम्ही."

"अगं, वाट बघतोय असं तोंडावर म्हणू नये," म्हातारा म्हणाला, पण त्याला तिचा चटपटीतपणा आवडलेला दिसला. तो टेबलाशी गेला, काठी कोपऱ्यात टेकवली आणि आडवा झाला. कडेच्या खुणांवर बोट ठेवत म्हणाला, "लांबीला पुरतंय. खुणासुद्धा करून ठेवल्यात. आमच्या थोरल्या भावाच्या वेळी पाय बाहेर राहिले होते, मी तेव्हाही भांडलो होतो."

कुठल्या पार्लरमध्ये बरं, असा विचार शेठाणीच्या मनात आला, पण ग्राहकाला उलट विचारायचं नसतं. तिने त्याचे पाय कोमट पाण्याने पुसले, तेल घेऊन डोक्यावर हलक्या हाताने चोळलं आणि डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला.

"हे सगळं आत्ताच?" म्हाताऱ्याने रुमालाखालून विचारलं.

"नमुना म्हणून, आजोबा."

"चालू दे, चालू दे," तो म्हणाला. थोड्या वेळाने उजेड नको म्हणून त्यानेच चादर तोंडावर ओढून घेतली आणि त्याला गाढ झोप लागली. शेठाणी टब घेऊन मागच्या मोरीत पाणी बदलायला गेली. आपला धंदा आता मार्गी लागला, असं तिला वाटलं. आणि तिथेच घात झाला.

चारच्या ठोक्याला पुतण्या आला. त्याने दारात उघडा टेम्पो पाहिला. माना खाली घातलेले चौघे पाहिले. टेबलावर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीत कुणीतरी होतं, आणि कोपऱ्यात काकांची काठी होती.

"केव्हा?" त्याने दादाला विचारलं.

बोलायचं नाही हे दादाच्या लक्षात होतं. तो कुजबुजत म्हणाला, "आत्ताच. पडल्या पडल्या."

"त्रास?"

"छे. एका मिनिटात. फार दमले होते म्हणाले."

पुतण्याने डोळे पुसले आणि रस्त्यावर जाऊन बायकोला फोन लावला. "अगं, काका गेले. इथेच. हो, स्वतः चालत आले. शेवटपर्यंत कुणाचे उपकार घेतले नाहीत बघ. सगळ्यांना कळव." एवढं भर रस्त्यात मोठ्याने बोलल्यावर सगळ्यांना कळवायची गरज उरली नाही. समोरच्या बाई कंबर धरून आल्या. इन्व्हर्टरवाला आला, त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईकही आलं. टेम्पोभोवती ही गर्दी जमलेली पाहून आत्याने खिडकीतून हाका मारल्या आणि कुणीच ओ देईना तेव्हा ती कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरली.

उतरल्यावर तिने आधी फळा वाचला.

"कार्टे!" आत्या ओरडली.

शेठाणी टब घेऊन बाहेर आली. "आत्या, तू का उतरलीस?"

"हे काय लिहिलंयस दारावर?"

"चिरविश्रांती. चिर म्हणजे कायम टिकणारी."

"कायमचीच असते ती! माणूस मेला की म्हणतात तसं!"

शेठाणीने फळ्याकडे पाहिलं. मग तिला फोनवरचं एकेक वाक्य आठवू लागलं. गाडी. चार माणसं. आजवर एकही तक्रार नाही. तेवढ्यात पुतण्या पुढे झाला आणि आत्यासमोर हात जोडले. "तुमच्या मुलीने माझ्या काकांचं सोनं केलं हो. घरच्यांना कळायच्या आत सगळं तयार."

आत्याने चादरीकडे पाहिलं आणि ती मटकन शिंप्याच्या जुन्या स्टुलावर बसली. "पहिलाच ग्राहक, आणि मारलास?"

सात शाखा, बॅटऱ्या, सर, सगळं शेठाणीच्या डोक्यातून पुसलं गेलं. ती टेबलाशी गेली. तिने म्हाताऱ्याच्या पायाला हात लावून पाहिला. पाय कोमट होते, पण ते तर तिच्याच पाण्याने. तिला रडू फुटलं. "आजोबा," ती म्हणाली, "मी नुसतं डोकं चोळलं हो."

बाहेर पुतण्याचा फोन पुन्हा वाजला. "हो, येतोच. आणि ऐक, काकांची आरामखुर्ची आत्ताच आपल्या खोलीत ओढून घे. धाकटा भाऊ पोचायच्या आत."

"खुर्चीला हात लावलास तर याद राख," चादर म्हणाली.

इन्व्हर्टरवाला गिऱ्हाईकाला तिथेच सोडून पळाला. समोरच्या बाई कंबर विसरून धावल्या. दादाची मान, जी दोन महिने वळत नव्हती, ती गर्रकन वळली. म्हातारा उठून बसला, डोळ्यांवरचा रुमाल काढला आणि गर्दीकडे रागाने पाहू लागला.

"झोपमोड केलीत," तो म्हणाला. "बायको गेल्यापासून मला दुपारची अशी झोप लागली नव्हती. घरात नुसती कुजबुज, इथे निदान शांतता होती. कसला गोंधळ आहे हा?"

शेठाणीने रडत रडत सगळं सांगितलं. इथे अंत्यविधीची व्यवस्था होत नाही, थकलेल्या माणसाला विश्रांती देतात, चूक फक्त नावाची आहे. सांगताना तिने आयुष्यात पहिल्यांदा ‘चुकलं’ हा शब्द वापरला.

म्हाताऱ्याने गादी हाताने दाबून पाहिली. पुतण्या भिंतीला टेकून घाम पुसत होता.

"म्हणजे हे जिवंत माणसांसाठी आहे?"

"हो, आजोबा."

"मग तर फारच बरं. मेल्यावर एकदाच येता आलं असतं, आता रोज येईन." त्याने काठी उचलली आणि पुतण्याला म्हणाला, "चल. आधी खुर्ची जागेवर आहे का ते बघतो."

शेठाणीने ओल्या डोळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या अजून स्टुलावरच बसली होती.

"आपल्या पायांनी आला," शेठाणी म्हणाली. "आणि रोज येईन म्हणाला."

"चार माणसं आणि गाडी तयार असताना आपल्या पायांनी परतही गेला," आत्या म्हणाली. "ठेव खोली. पण आजच्या आज तो फळा उतरव. नवं नाव आधी चार जणांना विचार."

संध्याकाळपर्यंत शेठाणीचा आत्मविश्वास पूर्ववत झाला होता. चार जण शोधण्यात वेळ गेला असता, म्हणून तिने स्वतःलाच चारदा विचारलं आणि चारही वेळा होकार आला. या वेळी भारदस्त शब्द नको, साधे रोजचे हवेत. माणूस मनातून मोकळा होतो, अंगातून मोकळा होतो. रंगाऱ्याने कागद पुन्हा जवळ धरला, पुन्हा लांब धरला आणि काही न विचारता रंगवून दिला. खाली दाराकडे वळणारा एक ठळक बाणही काढला.

सकाळी शेठाणीने दार उघडलं आणि तिचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. बाहेर रांग होती. सगळ्यात पुढे एक ट्रकवाला होता. ‘मोकळे व्हा’ या अक्षरांकडे तो आशेने बघत होता आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

"या ना, या," शेठाणी म्हणाली. "आत या, निवांत बसा."

"बसायचं नाही हो ताई," तो कळवळून म्हणाला. "उभ्यानेच. पुरुषांचं कुठल्या बाजूला?"

सवयीने ‘हो’ तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं आणि पहिल्यांदाच एका ग्राहकाला ‘नाही’ म्हटलं.