एका वेळी एकानंच बोला!

आमच्या शेजारचे धोटेकाका कोर्टात लघुलेखक होते. निवृत्त झाले, पण कोर्ट काही सोडलं नाही. दोन माणसं एकदम बोलू लागली की हात वर करून ओरडतात, "एका वेळी एकानंच बोला! नोंद होऊन नाही राहिली!" पुतणीच्या लग्नात एकसुरात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या दोन भटजींनाही त्यांनी असंच थांबवलं होतं. मुहूर्त टळता टळता राहिला.

असा माणूस आत्मचरित्र लिहायला घेतो, हे वाचकांचं दुर्दैव. पद्धत तर विचारूच नका. आधी मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायचं, मग कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य वहीत उतरवायचं. दोन वर्षं झाली, गडी अजून खापा गावातल्या बालपणातच अडकलाय.

"काका, तुम्ही नुसतं बोला. मोबाइल आपोआप टाइप करतो," मी शंभरदा सांगितलं.

"त्याले थांबणं समजते का? मी जरा विचार करत बसलो का बंद पडते. आमचे साहेब पान थुंकून येत, तवरिक मी पेन्सिल धरून बसत होतो!"

अशा माणसापुढे काय डोकं फोडणार?

परवा मोबाइल सुप्रभाताच्या फोटोंनी गच्च भरला, म्हणून स्वारी वहीसकट माझ्याकडे आली. म्हटलं, आता सापडले. जुनी रेकॉर्डिंग काढून टाकायची आणि बोलून टाइप करायला शिकवायचंच. पहिलीवर बोट ठेवलं. "ही उडवतो."

"हात नको लावू!" काकांचा आवाज चिरकला. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

धांदलीत ती रेकॉर्डिंग सुरू झाली.

"माझा जन्म कन्हान नदीच्या काठी..." काकांचा भारदस्त आवाज. त्याच्यावरच कुसुमकाकूंचा, "काहून खोटं बोलून राहिले जी? नदी कोसभर दूर होती. अन् पहिले चहा घ्या, थंडा होऊन राहिला." काका थांबेनात, काकूही थांबेनात. दोघं एकदम बोलत होते.

काकूंना जाऊन आता वर्ष होईल.

काकांच्या हातातली वही मी चाळली. कोर्टाच्या शिस्तीत सगळं उतरवलेलं होतं. नदी, कोस, चहा. पुढच्या पानावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली.

"तुझ्या त्या पद्धतीनंही पाहिलं गा करून," काका मोबाइल खिशात ठेवत म्हणाले. "पानभर लिहिलं त्यानं, सरसर. मधात कोणी बोललंच नाही."