वच्छलाबाईंच्या दुखण्याचं नामांतर

साल एकोणीसशे त्र्याण्णव. माणसाच्या आजारावर पहिला हक्क त्याच्या नातेवाइकांचा असतो, हे तत्त्व औरंगाबादेत तेव्हा सर्वमान्य होतं. रोग्यानं आजार फक्त अंगावर वागवायचा. त्याला नाव काय द्यायचं आणि ते कुणाकुणापासून लपवायचं, हे घरातल्या जाणत्या माणसांनी ठरवायचं.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून शहर पंधरा वर्षं धुमसत होतं. मोर्चे, बंद, लाठ्या, जाळलेली घरं, तुरुंग, सगळं होऊन गेलं होतं. पुंडलिकनगरातले अप्पाराव नामांतराच्या कडव्या विरोधकांपैकी. "नाव बदललं की इतिहास पुसला जातो," असं ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. (त्यांची स्वतःची जमीन वाळूजच्या कारखान्यांत गेली आणि शिवाराच्या नावाजागी प्लॉट नंबर आला, तो बदल त्यांनी मोठ्या मनानं घेतला होता.)

अशा करारी माणसाच्या घरात त्या चैत्रात एक नामांतर एकाच बैठकीत, लाठीमाराशिवाय पार पडलं. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई यांच्या छातीत गाठ निघाली होती. गाठ काढली, आणि आता सहा वेळा लाल सलाईन लावायचं होतं. आजाराचं खरं नाव अप्पाराव, स्कूटरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला मुलगा रामकिसन आणि नणंद द्वारकाबाई, अशा तिघांना रीतसर कळवण्यात आलं. या आजाराला यापुढं घरात आणि घराबाहेर 'हार्ट' म्हणायचं, असा ठराव तिघांनी एकमतानं मंजूर केला. वच्छलाबाई त्या वेळी आत बैठकीसाठी चहा करत होत्या. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये एक सोलापुरी चादर टांगलेली होती. चादरीतून ऐकू येतं, हा मुद्दा बैठकीत कुणी मांडला नाही.

हार्टच का, याला भक्कम कारणं होती. हार्ट हा वाळूजच्या मॅनेजर लोकांचा आजार. त्याला टेन्शन लागतं, आणि टेन्शनला हुद्दा लागतो. हार्टवाल्या घरात सोयरीक जमते, शेजारीण वाटीभर साखर देते-घेते. त्या दुसऱ्या आजाराच्या घरात लोक चहाला "आत्ताच झाला" म्हणतात.

या सामाजिक गरजेतून डॉ. मल्हारराव शेजूळ यांचा उत्कर्ष झाला. मेंढ्या राखणाऱ्या बापाचा हा मुलगा मुंबईत शिकून आला होता. गाठीवरचं लाल औषध गाठ मारतं, पण हृदयाचा स्नायूही दुबळा करतं. म्हणून ते औषध चालू असेपर्यंत हृदयावर डोळा ठेवणारा डॉक्टर हवा, ही त्यांची विद्या. क्रांती चौकाजवळ त्यांनी दवाखाना थाटला आणि पाटीवर सरळ दोन्ही आजारांची नावं लिहिली. तीन महिने जिन्यावर मांजराखेरीज कुणी चढलं नाही. मग त्यांनी पेंटर बोलावून दुसरं नाव पुसून घेतलं, नुसतं 'हृदय' ठेवलं. चौथ्या महिन्यात बाकं कमी पडली.

त्यांच्या रजिस्टरात त्या वर्षी दोनशे बारा रोगी होते. दोनशे नऊ जणांना, त्यांच्या माहितीप्रमाणे, हार्ट होतं. उरलेले तिघे एकटेच आले होते, म्हणून त्यांना खरं कळलं. रोग्यांचे केस जात. ते तिरुपतीला दिले, असं सांगण्याची पद्धत पडली. पुंडलिकनगरच्या एका गल्लीतून त्या सालात पाच बायका तिरुपतीला गेल्या. त्यातली एकही कधी नगर नाक्यापलीकडं गेली नव्हती.

डॉक्टरांची तपासणीची रीतही घरंदाज होती. प्रश्न रोग्याकडं बघून विचारायचा, उत्तर अप्पारावांनी द्यायचं.

"दम लागतो का?"

"छ्या! ठणठणीत हाय."

"पायावर सूज?"

"नाय नाय. पहिल्यापासून पाय भरलेलेच हाईत तिचे."

दम लागत असेल तरच यंत्रावर हृदय बघायचं, असा दवाखान्याचा नियम होता. आणि दम लागण्याला अप्पारावांची परवानगी नव्हती. त्यांचा विचार अगदी सरळ होता. लाल सलाईन हार्टसाठी आहे असं बायकोला सांगितलेलं. ते लावून दम वाढला असं निघालं, तर सांगितलेलं खोटं ठरेल. तेव्हा दम वाढलेला नाही.

वच्छलाबाईंना चौथ्या सलाईननंतर लई दम लागत होता. उताणं झोपता येत नव्हतं. पण आपल्यासाठी माणसांनी एवढी खटपट केली, खोटं बोलून बोलून द्वारकाबाईंचं तोंड आलं, ती सगळी खटपट वाया कशी घालवायची? म्हणून त्या जिन्यात तीनदा थांबत आणि दर वेळी निऱ्या सावरत. पाचवं सलाईन मंगळवारी होतं. ते अशा हृदयावर गेलं असतं, तर सहाव्याची गरज उरली नसती.

दवाखान्यात दगडाबाई नावाच्या आया होत्या. शनिवारी त्या जिना पुसत होत्या.

"वच्छलाबाई, ह्या निऱ्या हाईत का काय? अजून किती येळा सावरता?"

"सुटतात गं."

"निऱ्या नाय सुटत. दम सुटतोय."

"बोलू नको माय. आमच्या ह्यांना वाईट वाटंल."

"तुमी मेल्यावर लई बरं वाटंल का त्यांला?"

दगडाबाईंनी फडकं बादलीत टाकलं आणि ओल्या हातांनी वच्छलाबाईंना धरून तपासणीच्या खोलीत नेलं. अप्पाराव आधीच आत बसले होते. "डाक्टर सायेब, ह्या बाईला —— झालाय. तिला ते ठावं हाय. आन् तिला दम लागतोय." (रेघेच्या जागी त्यांनी शब्द पूर्ण उच्चारला. बाकावरच्या अकरा माणसांनी ऐकला आणि लगेच न ऐकल्यासारखं केलं.)

"ए बाई, खबरदार नाव घेशील तर!" अप्पाराव उठले.

"नावापायी मी अठरा दिवस हर्सूलच्या जेलात बसून आलेय, अप्पाराव. नाव घ्यायला मी भीत नसते."

डॉक्टर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग त्यांनी, नातेवाईक समोर असताना पहिल्यांदाच, रोग्याकडूनच उत्तर मागितलं, "वच्छलाबाई, खरं आहे का?"

"व्हय. चैतापासून ठावं हाय. चहात साखर घालत होते तवाच ऐकलं." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "अवो, एका नावासाठी पंधरा वर्सं भांडलात. माझ्या दुखण्याचं नाव बदलताना मला इचारायचं तरी व्हतं."

यंत्र लागलं. हृदय निम्म्या जोरावर चाललं होतं. पाचवं लाल सलाईन रद्द झालं, दुसरं औषध ठरलं, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या. म्हणजे बाईंना आता खरोखरच हार्ट झालं होतं. ठराव अखेर अमलात आला.

पुढं ज्याचं त्याचं जे झालं ते असं. दगडाबाईंना दुसऱ्याच आठवड्यात काढलं, कारण 'शिस्तभंग'. पुढच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. दगडाबाईंच्या मुलीच्या पदवीवर ते पूर्ण छापलेलं आहे. डॉ. मल्हाररावांचं आता चार मजली रुग्णालय आहे. पाटीवर दोन्ही आजार परत आले आहेत, पण इंग्रजीत. द्वारकाबाई तिरुपतीला खरंच जाऊन आल्या. कुणी विश्वास ठेवला नाही. शहराचंही नाव बदललं. तेव्हा रामकिसननं पेढे वाटले. अप्पारावांच्या घशात दोन हजार तीन साली गाठ निघाली. बैठक भरली, पण वच्छलाबाईंनी चहा ठेवला नाही. त्या नवऱ्याशेजारी बसल्या आणि नाव सांगितलं. अप्पाराव म्हणाले, "मंग लोकांला काय सांगायचं?" त्यांना जाऊन वीस वर्षं होत आली. वच्छलाबाई अजून आहेत, गोळ्या वेळेवर घेतात.

ता. क. या सगळ्या हकिकतीत त्या आजाराचं नाव एकदाही आलेलं नाही. तरी गाठ म्हणताच तुम्हाला कळलं. वच्छलाबाईंनाही तसंच कळलं होतं. तेव्हा आतल्या खोलीत ज्यांना तुम्ही 'काही नाही, साधी उष्णता आहे' म्हणून सांगून आलात, त्यांना जरा चादरीच्या अलीकडं बोलवा. चहा तुम्ही करा.